आईचं एचबी ७.६ आहे, ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्या रक्त चढवायचं का थांबायचं?

पत्र थोडक्यात असं: परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून मुलानं लिहिलंय. आई ४५ वर्षांच्या, गर्भपिशवीला गाठी, वर्षभरापासून पाळीत अंगावरून लई जातंय, एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन ७.६. तालुक्याच्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली, महालक्ष्म्या झाल्या की लगेच, आणि 'आधी दोन बाटल्या रक्त चढवू' म्हणाले. पाहुण्यांच्या ओळखीनं संभाजीनगरला एका मॅडमला दाखवलं तर त्या म्हणाल्या घाई नाही, लोहाचं इंजेक्शन देऊ, पाच आठवडे थांबू, रक्त बहुतेक लागणारच नाही. मामा म्हणायलेत, शहरातले डॉक्टर उगं हेलपाटे घालायला लावतात, सोयाबीन निघायच्या आत उरकून टाका. आई माळकरी, त्यांना दुसऱ्याचं रक्त नको, 'चढवायचंच असलं तर माझ्या लेकाचं चढवा' म्हणतात, दोघांचा ग्रुप एकच आहे. आत्याचं तिसरंच. वडिलांच्या हर्नियाच्या वेळी दोनच सलाईन लावल्या म्हणून ते महिनाभर अशक्त राहिले, शेजारच्याला सात-आठ लावल्या होत्या, तर आता आईच्या वेळी डॉक्टरला जास्तीच्या लावायला सांगायचं का? शेवटी विचारलंय, कोणाचं ऐकू, आणि आदल्या रात्रीपासून पाणीबी बंद ठेवायचं का?

भाऊ,

तुमच्या पत्रात मामा बोलतात, आत्या बोलतात, दोन डॉक्टर बोलतात, आणि जिचं ऑपरेशन आहे तिचं एकच वाक्य आहे, तेही घरातल्या सगळ्यांनी अडचण म्हणूनच धरलेलं दिसतंय. त्याच्यावर पुढं येतोच. आधी एवढं सांगून ठेवतो की मी भूल देणारा डॉक्टर आहे, थेटरात रुग्णाच्या डोक्याशी बसून सलाईन किती सोडायची आणि रक्त लावायचं का नाही हे ठरवणं आमच्याच गळ्यात असतं, पण तुमच्या आईला मी बघितलेलं नाही, रिपोर्टबी बघितलेले नाहीत, त्यामुळं हे वाचून परस्पर काही ठरवू नका, डॉक्टरांना काय विचारायचं ते यातून घ्या.

कोणाचं ऐकू असं विचारताय म्हणजे दोघं डॉक्टर एकमेकांच्या उलट बोलायलेत असं तुम्ही धरून चाललात. मला तसं दिसत नाही. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात ७.६ वर पोट उघडणार नाही, मॅडमबी तेच म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे. एकजण ती कमी दोन दिवसांत रक्तानं भरून काढायला बघतात, दुसऱ्या पाच आठवड्यांत लोहानं. म्हणजे भांडण डॉक्टरांचं नाहीच, सगळं अडलंय ते पाच आठवडे आपल्याकडं आहेत का नाहीत यावर, आणि तिथंच मामांचं सोयाबीन आडवं येतंय.

मामांना मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडं लग्न असो का ऑपरेशन, सुगीच्या अलीकडं नाहीतर पलीकडं बसवावं लागतं, पैसाबी त्याच हिशोबानं हातात येतो. पण जरा दिवस मोजून बघा. महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की लगेच ऑपरेशन केलं तर पोटावर टाके पडल्यानंतर साधारण सहा आठवडे घागर उचलायची नाही, वाकून काम करायचं नाही, आणि नेमकी त्याच सहा आठवड्यांत सोयाबीनची काढणी येणार. म्हणजे आई शेतात नसणारच, वर घरातलं एक माणूस त्यांच्यापाशी अडकणार. त्यापेक्षा रास घरी आली की दिवाळीच्या अलीकडं-पलीकडं ऑपरेशन धरलं तर तोवर लोहाचं औषध लागू झालेलं असेल आणि तुम्हीबी मोकळे असाल. मामांना एचबी, फेरिटीन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) असलं काही सांगत बसू नका, कामाला किती हात लागतील या हिशोबात सांगा, लगेच पटेल बघा. फक्त थांबायचं म्हणजे त्या दिवसांत आईनं ७.६ वर उन्हात विळा धरायचा असा अर्थ कोणी काढू नका, आणि महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा स्वैपाकबी यंदा सुनांनी नि लेकांनी उरकावा, लेकांनीबी.

आता रक्ताचं. एका बाटलीनं मोठ्या माणसाचं एचबी साधारण १ ग्रॅमनं वाढतं, दोन लावल्या तर ७.६ चं साडेनऊ होईल, आकडा बरा दिसेल, पण वर्षभर रक्त जाऊन जाऊन अंगातला लोहाचा साठा जो रिकामा झालाय तो त्या दोन बाटल्यांनी निम्माबी भरत नाही. एका बाटलीत लोह असतं २०० ते २५० मिलिग्रॅम. आईचं वजन ५० किलो धरलं आणि एचबी १३ पर्यंत न्यायचं म्हटलं तर डॉक्टर लोक ज्या सूत्रानं हिशोब करतात त्यानं साडेअकराशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं. हे लोह शिरेतून देता येतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज नावाचं इंजेक्शन एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत पंधरा-वीस मिनिटांत जातं पण महाग पडतं, आयर्न सुक्रोज स्वस्त आहे, बऱ्याच सरकारी दवाखान्यांत असतं, ते २००-२०० करत पाच-सहा वेळा घ्यावं लागतं. दोन्ही दवाखान्यातच घ्यायची, कारण क्वचित कोणाला रिॲक्शन येते. इंजेक्शननंतर आठ-दहा दिवसांनी एचबी हलायला लागतं आणि तीन-चार आठवड्यांत दोनेक ग्रॅम, कधी त्याहून जास्त चढतं, फक्त तोवर खालून जाणं थांबलेलं पाहिजे. ते थांबवायला पाळीच्या दिवसांत ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, नाहीतर हार्मोनच्या गोळ्या देतात. पायाच्या शिरेत वगैरे कधी रक्ताची गाठ झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मग या गोळ्या चालत नाहीत. मॅडमनी लोहाबरोबर असलं काही लिहून दिलंय का ते चिठ्ठीवर बघा, दिलं नसेल तर आवर्जून विचारा, नाहीतर एकीकडून भरायचं नि दुसरीकडून जायचं असं पाच आठवडे चालेल आणि मग मामा म्हणतील, बघा म्हणलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी यानं काय फरक पडतो ते आकड्यातच बघा. ५० किलोच्या बाईच्या अंगात रक्त असतं सव्वातीन लिटरच्या आसपास. पिशवी काढताना अर्धा लिटर गेलं, आणि गाठी मोठ्या असल्या की तेवढं जाऊ शकतं, तर ७.६ चं साडेसहावर येतं, म्हणजे घाईघाईनं रक्त लावायची पाळी. तेच एचबी ११ करून थेटरात आणलं तर तेवढंच रक्त जाऊनबी ते नऊच्या वर राहतं आणि एकबी बाटली लागत नाही. सर्जन तेच, गाठी त्याच, पाच आठवडे थांबल्यानं एवढा फरक.

तालुक्याच्या डॉक्टरांची बाजूबी सांगायला पाहिजे. १० च्या खाली एचबी असलं की आधी रक्त चढवायचं ही शिकवण १९४२ च्या एका अमेरिकन लेखातून आलेली आहे, पुढं कितीतरी वर्षं तोच दंडक चालला, जुन्या डॉक्टरांच्या अंगात तो मुरलाय. १९९९ मध्ये कॅनडात आयसीयूतल्या ८३८ रुग्णांवर अभ्यास झाला, निम्म्यांना एचबी ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं आणि निम्म्यांना १० च्या खाली गेलं की लगेच, तर कमी रक्त मिळालेल्यांचं काही वाईट झालं नाही. २०११ मध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या, ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर ८ का १० असा अभ्यास झाला, तिथंबी तेच दिसलं. आता स्थिर रुग्णाला ७ पर्यंत, हृदयाचा त्रास असला किंवा हाडाचं मोठं ऑपरेशन असलं तर ८ पर्यंत थांबायला हरकत नाही असं मानतात. पण याचा अर्थ ७.६ वर ठरवून करायच्या ऑपरेशनला खुशाल जा असा कोणी काढला तर तो चुकीचा, ते आकडे रक्त कधी लावायचं याचे आहेत, थेटरात कधी शिरायचं याचे नाहीत.

आणि रक्त आधी चढवणंच बरोबर अशी वेळ असते, ती ओळखता आली पाहिजे. तासाला एक पॅड भिजायलंय, रक्ताच्या गाठी पडायल्यात, बसल्या जागी धाप लागायलीय, छातीत दुखतंय, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडायला होतंय, नाडी जोरात पळतेय, असलं काही झालं तर पाच आठवड्यांचा हिशोब गुंडाळून ठेवा आणि रात्र असो का दिवस, जिथं रक्ताची सोय आहे अशा दवाखान्यात न्या. तिथं रक्त लावू म्हणाले तर हुज्जत घालू नका. लोहाचं इंजेक्शन दोन तासांत काही करू शकत नाही, रक्त करतं. आणि ठीकठाक असताना दोन बाटल्या सांगितल्या तर एवढं विचारायला काहीच हरकत नाही की डॉक्टर, एक लावून परत एचबी बघायचं आणि मग दुसरीचं ठरवायचं असं चालेल का. आजकाल तीच पद्धत आहे, चांगला डॉक्टर यानं चिडत नाही.

खरं तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळाच होता, तुमच्या पत्रात तो कुठंच नाही. पिशवी काढायलाच पाहिजे का? गाठी केवढ्या, कुठं आहेत, पिशवीच्या आतल्या थराचा तुकडा तपासलाय का, थायरॉईड बघितलंय का. ४५ व्या वर्षी काही बायकांना पाळी जाईपर्यंत गोळ्यांवर किंवा हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू बसवून निभावता येतं, काहींना खरंच काढावीच लागते, आणि ते सोनोग्राफी बघणारेच सांगू शकतात. आपल्या मराठवाड्यात हे विचारायचं जास्तच कारण आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात म्हणून २०१९ मध्ये किती बोंब झाली, सरकारला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तुमच्या डॉक्टरांवर मी संशय घेत नाहीये, पण मॅडमकडं परत जाणारच आहात तर हे पाच मिनिटं विचारून घ्या.

आता आईच्या वाक्यावर येतो. लेकाचं रक्त आईला, ऐकायला किती बरं वाटतं, आणि घरच्या माणसाचं रक्त जास्त सुरक्षित असं निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. वैद्यकीयदृष्ट्या ते उलटं आहे. लेक, भाऊ, आईबाप असल्या सख्ख्या नात्यातलं रक्त दिलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी अंगाला परक्या वाटत नाहीत, शरीर त्यांना मारून टाकत नाही, मग त्याच पेशी तिथं बस्तान बसवून रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. हे क्वचित होतं, पण झालं तर माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून सख्ख्याचं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्या बाटलीवर किरण सोडून पांढऱ्या पेशी निकामी कराव्या लागतात, आणि ती सोय प्रत्येक ब्लड बँकेत नसते. इतर वाचणाऱ्यांसाठी आणखी एक, मूलबाळ व्हायच्या वयातल्या बाईला नवऱ्याचं रक्त शक्यतो देत नाहीत, पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो. आईचं स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवून मग चढवणं हाही एक प्रकार आहे, पण त्यालाबी एचबी निदान ११ लागतं, तेव्हा त्यांच्याबाबतीत तो विषयच नाही.

तुमची इच्छा वाया घालवू नका मात्र. ब्लड बँकेत जाऊन तुमचं रक्त द्या, ते कोणा परक्याच्या आईला जाईल आणि कोणा परक्याचं तुमच्या आईसाठी राखून ठेवता येईल. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, पुरुषाला तीन महिन्यांनी परत देता येतं, बायांना चार महिन्यांनी. दिलेल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी होतेच. दवाखान्याच्या गेटवर 'डोनर पाहिजे का, एवढे एवढे पडतील' म्हणत कोणी आला तर त्याला हात जोडा, पैसे घेऊन रक्त देणं सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद केलेलं आहे. ब्लड बँक घेते ते तपासणी-साठवणीचे पैसे, त्याचे दर ठरलेले असतात, पावती मागा. साठा कुठं आहे ते ई-रक्तकोश या सरकारी साईटवर बघता येतं, आणि संभाजीनगर (घाटी), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं मेडिकल कॉलेज आहेत, तिथं ब्लड बँकाबी आहेत.

माळेचं काय करायचं? हे हसण्यावारी नेऊ नका. आईला भीती असेल की मटण-दारूवाल्याचं रक्त अंगात जाईल, मग वारी कशी करू, आणि हे त्या तुमच्यासमोर बोलणार नाहीत. त्यांना शेजारी बसून सांगा की बाटलीत येतात त्या बहुतेक नुसत्या लाल पेशी, देणाऱ्यानं काय खाल्लं ते त्यात येत नाही, आणि त्या पेशीबी तीन-चार महिन्यांत मरून जातात, मग अंगात राहतं ते आपलंच. तरी त्या नको म्हणाल्या तर डॉक्टरांना तसं आधी कळवा, ऐनवेळी नको. संमतीच्या कागदावर सही त्यांची असते, तुमची नाही नि मामांचीबी नाही. आणि गंमत बघा, 'दुसऱ्याचं रक्त नको' हे त्यांचं म्हणणं नि मॅडमचा सल्ला दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात. म्हणजे घरातल्या सगळ्यांत डॉक्टरच्या जवळ जाणारी गोष्ट आईच बोलल्यात की.

एवढं करूनबी ऑपरेशनच्या दिवशी एक-दोन बाटल्या क्रॉसमॅच करून, म्हणजे आईच्या रक्ताशी जुळवून बघून, राखून ठेवायला सांगतील. राखून ठेवलं म्हणजे लावणार असं नाही, घाबरू नका, लागलं नाही तर ते दुसऱ्याला जातं. पण ब्लड बँकेत बाटली आणायला नातेवाईकाला पाठवायची पद्धत आपल्याकडं अजून आहे, तर त्याचं नीट ऐका. बाटली गाडीच्या डिक्कीत नाही, कॅरिबॅगमध्ये नाही, थर्माकोलच्या डब्यात थंड पॅक घालून आणायची, बर्फ बाटलीला चिकटू द्यायचा नाही, वाटेत चहाला थांबायचं नाही. फ्रिजमधून काढल्यापासून अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची असते, त्यामुळं डॉक्टरांनी आणा म्हटल्याशिवाय आणूबी नका. गार आहे म्हणून काखेत धरून नाहीतर गरम पाण्यात बुडवून कोमट करणारे महाभाग असतात, त्यानं पेशी फुटतात. लावायच्या आधी सिस्टर बाटलीवरचं नाव, ग्रुप, नंबर, तारीख केसपेपरशी जुळवून बघतात, तेव्हा तुम्हीबी शेजारी उभं राहून आईचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगा. रक्तातला सगळ्यात मोठा अपघात एड्सचा नसतो, एकाची बाटली दुसऱ्याला लागण्याचा असतो, आणि एकाच वॉर्डात सारख्या नावाच्या दोघी असणं आपल्याकडं काही अवघड नाही.

आणि ठिबक कमी-जास्त करायची ती चकरी. रक्त सुरू झालेलं असतं, पावणेपाच वाजलेले असतात, पाहुण्याला साडेपाचची शेवटची एसटी गाठायची असते, सिस्टर पलीकडच्या खाटेकडं वळल्या की हा हळूच उठून नळीवरची चकरी अंगठ्यानं वर सरकवतो, ठिबक धारेसारखी पळायला लागते आणि हा परत खुर्चीत बसून मोबाईल बघतो. असं करू नका, कोणालाच करू देऊ नका. पहिली पंधरा मिनिटं रक्त मुद्दाम सावकाश सोडतात, कारण चुकीचं लागलं असेल तर ते तेव्हाच कळतं, हुडहुडी भरते, कंबर दुखते, अंगाला खाज सुटते, धाप लागते. त्यातलं एकबी दिसलं तर ओरडून सिस्टरला बोलवा. आणि अशक्त माणसाच्या अंगात भसाभसा रक्त ओतलं तर फुप्फुसात पाणी होऊन जीव गुदमरतो, ते वेगळंच.

आता आत्यांची सलाईन. सलाईननं ताकद येते हे आपल्याकडं इतकं पक्कं बसलंय की दवाखान्यात नेऊन एक बाटली लावली नाही तर डॉक्टरलाच काही येत नाही म्हणतात. साध्या सलाईनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत असतं पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, बस्स, ताकद शून्य. ग्लुकोजवाल्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरी, ज्वारीच्या एका भाकरीत याच्यापेक्षा जास्त असतं आणि तिची सुई टोचावी लागत नाही. तर मग आम्ही ती लावतो कशाला? उपाशी पोट असतं, भूल दिल्यावर, विशेषतः पाठीत दिल्यावर, रक्तवाहिन्या सैल पडून बीपी उतरतं, जखमेतून थोडंफार जातं, ते सांभाळायला, आणि औषधं सोडायला शीर मोकळी असावी म्हणून. रक्त गेल्यावर नुसती सलाईन चढवत राहिलं तर पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी वाढवल्यासारखं होतं, पातेलं भरलेलं दिसतं, डाळ तेवढीच. म्हणूनच ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एचबी उतरलेलं दिसतं त्यात थोडा वाटा त्या पाण्याचाबी असतो, आकडा बघून लगेच रक्ताच्या मागं पळू नका, डॉक्टर पेशंटकडं बघून ठरवतील.

सात-आठ बाटल्या म्हणजे आत्यांना सात-आठ पट इलाज वाटतो. साध्या सलाईनच्या आठ बाटल्यांत मीठ होतं ३६ ग्रॅम, आणि दिवसाला ५ च्या आतच खावं असं सांगतात. लिटरभर सलाईन सोडली की तासाभरानं रक्तवाहिनीत तिच्यातली तिसरा-चौथा हिस्साच उरते, बाकीची अंगात इकडंतिकडं मुरते, मग पाय सुजतात, आतडी सुजून पोट फुगतं, वारा सरकत नाही, जखम भरायला वेळ लागतो. २००३ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी आतड्याच्या ऑपरेशनात हे दाखवलं, सलाईन हात राखून दिलेल्यांचे हाल कमी झाले. मग सगळे कमी द्यायच्या मागं लागले, तर २०१८ मध्ये ३००० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की लईच आवळून दिली तर किडनीला मार बसणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांचं साडेआठाच्या पुढं जातं. तेव्हा जास्त द्या म्हणूबी नका नि कमी द्या म्हणूबी नका, बीपी, नाडी आणि लघवी बघून ते तिथल्या तिथं ठरतं. लघवीच्या पिशवीकडं लक्ष ठेवायचं काम नातेवाईक चांगलं करू शकतात, दोनेक तासांत त्यात काहीच भर पडली नसेल तर सांगा. वडिलांचा हर्निया म्हणजे तासाभराचं काम, रक्त नावाला जातं, संध्याकाळी तोंडानं पाणी सुरू होतं, त्यांना दोन बाटल्या पुष्कळ झाल्या. शेजाऱ्याचं कदाचित आतड्याचं असेल, त्यांना चार दिवस तोंडानं काही नसेल, दोन्हींची तुलनाच नाही. महिनाभर अशक्तपणा राहिला त्याचं कारण मला सलाईनपेक्षा ताटात जास्त दिसतं. टाके घातले की आपल्याकडं माणसाला महिनाभर साबुदाणा, मुगाचं पाणी नि पातळ खिचडीवर ठेवतात आणि खाटेवरून उठू देत नाहीत. जखम भरायला डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे लागतात, आणि चालायला लागतं.

आईच्या खाण्याचंबी तेच. बीट नि डाळिंब लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं काही नाही, खावं, चांगलं असतं, पण त्यावर विसंबू नका. हिरव्या भाज्या, डाळी, हरभरा, ज्वारी-बाजरी, वर लिंबू पिळायचं. चहा जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घेतला तर लोह अंगी लागत नाही, निदान तासभर मागं ढकलायचा, आणि हेच घरोघरी सगळ्यात अवघड जातं. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर दूध किंवा कॅल्शियमबरोबर नको, संडास काळी होते त्यानं घाबरून बंदबी करू नका. माळकरी, शाकाहारी माणसात बी १२ बऱ्याचदा कमी असतं, फेरिटीनबरोबर तेबी तपासून घ्या, नाहीतर लोह भरून एचबी अर्ध्यावर अडतं आणि लोक म्हणतात इंजेक्शन नकली होतं.

राहिला पाण्याचा प्रश्न. आदल्या रात्रीपासून थेंब नाही ही जुनी पद्धत, अजून खूप ठिकाणी तेच सांगतात कारण सांगायला सोपं. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून जेवण आठ तास आधी, हलकं काही सहा तास आधी बंद पाहिजेच, त्यात कसलीबी सूट नाही. पण साधं पाणी आणि दूध नसलेला कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो, त्यानं माणूस सुकत नाही, शीर सापडते, बीपी कमी उतरतं. दुधाचा चहा मात्र जेवणासारखाच धरायचा, 'एक घोटच घेतला हो' म्हणून टेबलावर कळलं की ऑपरेशन पुढं जातं. शुगर असलेल्यांना, पोटाचे काही ठरावीक त्रास असलेल्यांना हे वेगळं असतं, म्हणून मी सांगितलंय तेवढ्यावर जाऊ नका, तुमच्या भूलवाल्या डॉक्टरांना विचारा. आणि त्यांना ऑपरेशनच्या सकाळी थेटराच्या दारात भेटू नका, आठवडाभर आधी वेळ घेऊन भेटा, एचबीचे दोन्ही रिपोर्ट, आधीचा आणि लोहानंतरचा, आणि आई बीपीच्या, थायरॉईडच्या, रक्त पातळ करायच्या ज्या काय गोळ्या घेत असतील त्यांची पाकिटंच्या पाकिटं सोबत न्या, कुठली सकाळी घ्यायची नि कुठली चार दिवस आधी बंद करायची ते तेच लिहून देतील.